परखी

बिदर मागं पडलं की मुख्तारभाईचा फोन येतो,
"मॅडम, उदगीरला चहा घेऊ का?"
मी म्हणते, नका घेऊ.
चहाला दहा मिनिटं जातात,
आणि शिशाच्या डब्यातलं फ्लोरिन
दर एकशेदहा मिनिटांनी निम्मं होतं.
हैदराबादेतून निघताना शंभर,
लातूरच्या रिंगरोडला लागेस्तोवर दहा.
बाकीचं नव्वद कुठं गेलं?
डबा तर कुणी उघडलेला नाही.

म्हणून नवी पाहतोय.
बिराजदार सरांनी तक्ता दिलाय, सहा रकान्यांचा.
रविवारी मशीन मोकळं असतं,
मी, सुग्रीव आणि ते प्लॅस्टिकचं धड,
पुस्तकात ज्याला फँटम म्हणतात आणि सुग्रीव 'पाव्हणा'.
पाव्हण्याच्या पोटात सहा गोळे,
थोरला लिंबाएवढा, धाकटा काबुली हरभऱ्याएवढा.
सिरिंजनं भरायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही,
राहिला तर तोच फोटोत भोक होऊन खोटं बोलतो.

दादा अडतीवर मुनीम होते.
त्यांच्या हातात परखी असायची, पन्हळीची, टोकदार.
पोत्याच्या कुशीत खुपसायची,
चिमूटभर तूर तळहातावर, एक दाणा दाताखाली,
की भाव.
पोतं शिवलेलंच.
माझंही तसंच काम आहे, मी एकदा म्हटलं.
दादा म्हणाले,
"पण तुझ्या पोत्याला दुखतंय की."

पॉझिट्रॉन घर सोडतो,
थोडं भटकतो,
एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही संपतात.
दोन किरण निघतात, पाठीला पाठ लावून.
आम्हाला दिसते ती भेटीची जागा.
घर दिसत नाही.
जो कमी भटकेल त्याचा फोटो खरा,
एवढंच सरांचं म्हणणं, आणि चौथा रकाना.

स्कँडियम चार तासांचं, हात सैल,
शंभरात चौऱ्याण्णव देतं,
पण त्याची पोरं लांब हिंडतात.
धाकटा गोळा धुकट आला.
वर न बोलावता तिसरा किरण,
मशीनला कळेना कोण कुणाचा जोडीदार.
सुग्रीवनं दोनदा मोजलं, दोनदा वेगळं.

तांबं आणलं त्या दिवशी म्हटलं,
मुख्तारभाई, आज घ्या चहा. भजीपण घ्या.
पावणेतेरा तासांचं आहे.
शंभरातले बहात्तर पोचले इथवर.
गोळे कसे नितळ, कडा शाबूत,
सुग्रीव शिट्टी वाजवणार होता, मी थांबवलं.
कारण तांबं कंजूष आहे.
शंभरदा फुटलं तर सतरा-अठराच पॉझिट्रॉन.
असा फोटो हवा असेल तर वीसऐवजी पन्नास मिनिटं निजवा.
पाव्हणा निजला.
पाव्हण्याला काय, पाठ नाही.

इंदरबाई सोनकांबळे, मु. पो. नळेगाव,
मणक्यात चार ठिकाणी.
मागच्या मंगळवारी तेराव्या मिनिटाला म्हणाल्या,
"बाई, आता बास. मला बसू द्या."
झिर्कोनियमचं त्यांना सांगितलं होतं, सहज,
सव्वातीन दिवसांचं असतं, निवांत,
औषध गाठीपर्यंत हळूहळू चालत जाईस्तोवर थांबतं.
त्यांनी विचारलं,
मग लेकीच्या लेकराला कधी घ्यायचं कडेवर?
तोच सवाल मी सरांना विचारला.
सरांनी डोस पुन्हा काढला,
पुन्हा काढला, चष्मा पुसला.

तक्त्यात अर्धायुष्य आहे,
उत्पन्न, शुद्धता, भटकण्याचं अंतर,
आगंतुक किरण, खर्च.
मी पट्टी घेऊन पेननं सातवा रकाना आखला,
माणूस किती वेळ निजू शकतो.
इंदरबाईंचा आकडा भरला, तेरा.
खाली बाकीच्यांसाठी रेघा मोकळ्या.

सरांनी तक्ता उलटा-सुलटा पाहिला,
रकान्यावर बोट ठेवलं.
म्हणाले, "ठीक आहे. पण याचं एकक काय लिहिणार?"
मिनिटं, मी म्हणणार होते.
नाही म्हटलं.

उद्या पहाटे गाडी निघेल.
यावेळी काय भरून आणायचं
ते अजून कळवायचंय.