ओळ एकशे बारा

येर्को राहतो पुंता अरेनासला,
जिथं वारा असा की भर चौकात
माणसांना धरायला दोर बांधलेत.
दिवसा लोकरीच्या गोदामात वजनं टिपायची,
रात्री, माटेचा पेला गार होईस्तोवर,
स्वतःच शिकलेला प्रोग्राम.

चार रात्री एकाच चुकीशी झटापट.
पाचव्या रात्री तार्तूहून कुणी मारिका उत्तरली :
ओळ एकशे बारा.
मोजायचं शून्यापासून असतं, बाबा रे.
बस. एवढंच.
तो खुर्चीवरून उठून नाचला.
बायको म्हणाली, झोप आता.

मग तोही उत्तरं देऊ लागला,
जेवताना, कामाच्या मधल्या सुट्टीत, संडासात बसूनसुद्धा.
गुण साठले. नावापुढे चांदणी आली.
गोदामात कुणाला दाखवणार चांदणी?
बायकोनं विचारलं, पैसे देतात का?
तेवढा एकच प्रश्न
त्यानं अनुत्तरित ठेवला.

आणि एकदा किसुमूहून ओबुरा नावाच्या पोरानं
विचारलं तेच. अगदी तेच.
दिवसातलं सतरावं.
येर्कोनं ठोकून दिलं :
आधी वाचावं, मग तोंड उघडावं.
अकरा जणांनी वाहवा केली.
पोरगं पुन्हा फिरकलं नाही.

ते नाव तो अजून शोधतो,
रात्री, बायको झोपल्यावर.

आज सकाळी वारा सुटला.
चौकात त्यानं दोर गच्च धरला.
पुढे एक म्हातारी, पिशवी सावरत,
त्याच दोराला लटकलेली.
तिला कुणीच विचारलं नाही,
बाई, घराबाहेर पडण्याआधी
वाऱ्याचा अभ्यास केला होतात का?