चोवीस तासांची आठवण

पहिल्या वर्षी प्लॅस्टिकचं जेवण शिकवतात.
ब्रोकोली, सफरचंद, माशाचा गुलाबी तुकडा,
प्रत्येकाच्या बुडाशी कुठल्याशा कारखान्याचा शिक्का.
तमालेचं सरकारी कॉलेज, पंखे बंद,
हर्मटानची धूळ खिडकीच्या फटीतून येते
आणि नेमकी त्या सफरचंदावर बसते.
मादाम अझारातु ओढणीच्या टोकाने ते पुसतात:
"हा एक भाग. साठ कॅलरी. लिहा."
आम्ही लिहिलं.
सफरचंद मी तोवर चाखलेलं नव्हतं.

तुओ झाफीचा नमुना त्या पेटीत नाही.
आमच्याकडे तो मुठीने मोजतात,
आणि मूठ कुणाची, हे पुस्तक विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी वॉर्ड.
पांढरा कोट नफिसाकडून उसना, बाह्या आखूड.
समोर मेमुनातू, सावेलुगुच्याही पलीकडून आलेली,
पाठीवरून सोडून मांडीवर घेतलेलं अकरा महिन्यांचं पोर.
त्याच्या डाव्या दंडाला मी पट्टी गुंडाळली.
हिरवा गेला, पिवळा गेला,
खूण लालावर येऊन थांबली.
पोर रडलंसुद्धा नाही. रडायलाही काही लागतं पोटात.

"काल सकाळपासून काय काय खाल्लंत?
घासघास आठवून सांगा."
शिकवलं होतं तसंच विचारलं,
भुवई न उचलता.

तिने आठवलं.
सकाळी बाजरीची कोको, त्यात दूध, वर साखर.
दुपारी तुओ झाफी, अयोयोची भाजी,
भाजीत बकऱ्याचं मांस. "एवढाले तुकडे,"
बोटं फाकवून आकार दाखवला.
रात्री मासा. अंडी दोन.
शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकू लागली,
तशी अंडी तीन झाली.
आणि संत्रं. हो, संत्रंही.

मी बेरीज मांडली.
हातचा घेतला, पुन्हा हातचा घेतला.
तीन हजार दोनशे.
तिने मात्र हातचं काही राखलं नव्हतं,
जे नव्हतं ते सगळं वाढलं मला.

मादामनी कागद पाहिला, परत दिला.
"बेरीज बरोबर आहे," म्हणाल्या.
"आता चूल शेवटची कधी पेटली ते विचार.
हळू विचार. आणि खाली बस आधी."

बसताना आठवलं,
पहिल्या वर्षी तीन दिवसांचा स्वतःचा आहार लिहून आणायचा होता.
हॉस्टेलात महिनाअखेर, डब्यात गारी,
गारीत पाणी, आणि साखर संपल्यावर मीठ.
मी लिहिलं: अंडं, मासा, एक सफरचंद.
पेटीतूनच उचललं होतं सगळं,
फक्त कारखान्याचा शिक्का लिहायचा राहिला.
दहापैकी आठ मिळाले.
सफरचंदाशेजारी पेन्सिलीने एक बारीक टिंब, बाकी काही नाही.

त्या शुक्रवारपासून मादाम मला थांबवून घ्यायच्या,
नमुने पुसायला.
टेबलावर पानात बांधलेलं वाक्ये असायचं, गरम,
कडेला उकडलेलं अंडं.
"हाही नमुनाच. तपासून सांग, मीठ बरं आहे का."
दीड वर्ष मी मीठ तपासत होते
आणि मला वाटायचं, बाईंना चव कळत नाही.

मेमुनातूचा कागद मी खोडला नाही.
तिची मेजवानी आहे, राहू दिली.
दुसरा कागद घेतला, पेन मात्र खिशात ठेवलं.
शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट फाडून
पोराच्या ओठाला बोट लावलं.
त्याने चाटलं एकदा, मान फिरवली.
अर्धा तास थांबायचं असतं, नियम आहे.
आम्ही थांबलो.

बराच वेळाने, भिंतीकडे बघत, ती म्हणाली,
"परवा.
तीही शेजारणीच्या लाकडांवर."
मग पाकीट माझ्या हातून घेतलं तिने,
आणि स्वतःचं बोट बुडवलं.