लाह्यांचा वास

ऑक्टोबरात लुआंग्वा नदी नुसती वाळूची होते.
पाणी म्हणाल तर पाणघोड्यांच्या पाठी भिजतील एवढं.
आमची कणगी हत्तींनी जुलैतच फोडली होती.
मागे राहिलेला मका फालेसीनं
मोजून मोजून रांधला,
आता मोजायलाही काही नाही.

पहाऱ्याची नोकरी सुटून चार वर्षं झाली,
झोप मात्र परत आली नाही.
म्हणून मी ओट्यावर बसतो.
आणि मध्यरात्र उलटल्यावर
येतो कुठून तरी
मक्याच्या लाह्यांचा वास, खमंग, ताजा.
तोंडाला आधी पाणी सुटतं,
मग मान ताठते.
या महिन्यात, अशा वेळी, लाह्या कोण भाजणार?

न्यालुग्वे.
आमच्याकडे बिबट्याला हेच म्हणतात, तेही हळू आवाजात.
झुडपावर फवारा मारून गेलाय,
इथून पुढे माझं, असं सांगून.
त्याच्या मुताला लाह्यांचा वास का,
हे देवालाच विचारायला हवं,
आणि भुकेच्या महिन्यातच का, हेही.

नोकरीत होतो तेव्हा वही दिली होती साहेबानं.
दिसला की लिही, काय करतो ते लिही.
मी लिहायचो:
एकटा.
एकटा. जांभई दिली.
म्वुंगुतीच्या झाडावर, फांदीच्या दोन्ही बाजूंनी पाय सोडून.

त्या झाडाची फुलं काळपट लाल, जाड पाकळ्यांची,
पहाटे धप्प धप्प गळतात.
इंपाला येतात ती खायला, मान खाली घालून.
तो वर. धावत नाही, शोधत नाही.
फुलांना पडू देतो.
वहीत याला रकाना नव्हता.

आमचा कुत्रा होता, सापिता नावाचा,
म्हणजे 'हा कुठं जात नाही'.
एका सकाळी नुसती दोरी.
धुळीत फरपटल्याची रेघ, वळसे न घेता
झाडापर्यंत, आणि तिथून पुढे रेघच नाही.
मी वर पाहिलं.
बेचक्यात तो होता. पोरांनी गळ्यात बांधलेली
बाटल्यांची बुचं वाऱ्यानं वाजत होती.

खाली तरस, बसलेला, आशेनं.

तीन रात्री तो येऊन खात राहिला.
चौथ्या रात्री बुचं वाजेनाशी झाली.
फालेसी म्हणाली, तोही पुरवून पुरवून खातो.
एवढंच. रडली नाही.
मला राग हवा होता, तो सापडेना.

काल पुन्हा आला. आधी
लांबून करवत चालल्यासारखा आवाज, खर्र खर्र,
नदीपलीकडे कुणी लाकूड कापतंय असा.
मग काहीच नाही. मग वास,
अगदी कुडाला लागून.

उकाड्यानं फालेसी दारातच निजली होती.
मी हललो नाही. टॉर्च हातात, बटणावर अंगठा.
झोपेतच तिनं वास ओढून घेतला,
ओठ हलले,
म्हणाली,
थोडं मीठ टाक.