दुसऱ्या किलोमीटरचे कपडे

पहिल्या दिवशी साडीच होती अंगावर.
निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला आवळला
आणि सावद्याच्या नाक्यापासून शंभर पावलं पळाले.
केळीच्या ट्रकवरून क्लीनर ओरडला,
"काबरं पळते वं मावशी? गाडी हुकली का?"
मला हसू आलं,
हसताना निऱ्या सुटल्या.

मग पंजाबी ड्रेस.
ओढणी दर दहा पावलांनी घसरते,
हात तिलाच सावरत बसतो,
आणि पळायला हातही लागतात
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग लोकेशचा टी-शर्ट, कॉलेजच्या गॅदरिंगचा.
सुती.
सुती कापडाची जन्मभर बाजू घेतली मी,
दुकानदारांशी भांडले त्याच्यासाठी.
पण एप्रिलात आमच्याकडे
पहाटे साडेचारलाही भिंतीला हात लावला तर ऊन लागतं.
सुती कापड घाम पितं, पितच राहतं, सोडत नाही,
ओल्या गोणपाटासारखं लोंबतं,
आणि वाळलं की पाठीवर
मिठाची वेडीवाकडी रेघ,
नकाशातल्या तापीसारखी.

कुठे काचतं, ते मात्र कुणी सांगत नाही.
मांडीच्या आत. काखेत.
ब्रेसियरच्या पट्टीखाली, ऐन फासळीवर.
आंघोळीचं पाणी पडलं की
दातांतून शिट्टी निघायची.
बाहेरून हे विचारायचे, "काय झालं?"
"काही नाही. पाणी गरम आहे."

फैजपूरच्या सुपडू शिंप्यांनी
नेहमीसारखं विचारलं, "फिटिंग का ढगळ?"
म्हटलं, पळायचंय.
टेप गळ्यातच राहिली त्यांच्या.
मग बाईमाणसाला विचारू नयेत असे प्रश्न
त्यांनी पँटीला विचारले:
"ही किती वाकणार?
हिला आतून शिवण टोचते का?"
कबड्डीवाल्या पोरांच्या जर्सीचं कापड उरलं होतं, मरून.
शिवण बाहेरून घेतली. एक खिसा, किल्लीपुरता.
पैसे मोजताना हळूच म्हणाले,
"उलटी शिवलीय.
कोणी हसलं तर माझं नाव नका सांगू."

डिसेंबरात केळीला चरका बसतो
तेव्हा मी स्वेटर, शाल, कानटोपी,
होतं नव्हतं ते घालून निघाले
आणि पिंपळाच्या वळणावर आतल्या आत उकडले.
आता निघताना थोडं कुडकुडावं एवढंच घालते.
कपडे दुसऱ्या किलोमीटरसाठी निवडायचे,
उंबऱ्यासाठी नाही.
फक्त कानटोपी सुटत नाही.
ती मैलाच्या दगडाला घालून पुढे जाते.
परतताना दगड टोपी घालून बसलेला असतो
शेकोटीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
काढून घेताना दरवेळी वाईट वाटतं.

गेल्या मंगळवारी
टोपीखाली, दगडाच्या गळ्यात
ओढणी होती.
पोपटी. दोन गाठी मारलेल्या.
आणि तिच्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
चीक जात नाही. लिंबाने नाही, रॉकेलने नाही.
म्हणजे घड वाहणारी कुणीतरी,
गाडी भरायला जायच्या आधीचा
हा अर्धा तास तिचा.

रस्ता मोकळा होता.
डावीकडच्या पाणंदीतून, बागांच्या अंधारात
लांब जाणारी चपलांची
फटक्, फटक्, फटक्.

त्या दिवशी टोपी तिथेच ठेवली.
कान गार पडले होते, तरी घरापर्यंत
डोक्यात तेच:
चपलांवर भागायचं नाही.
सुपडूभाऊंकडे मरून कापड उरलं असेल का अजून.
आणि सगळ्यात आधी, बाई,
मांडीला खोबरेल लाव.
थंडीत गोठतं ते,
रात्रीच डबी अंथरुणात घेऊन झोप.