पेन्सिलीनं

परवा रात्री पहिलं कडक हिव पडलं
आणि डेलियांची झाडं काळी ठिक्कर झाली.
सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.
आउने म्हणाली, "झालं. आता खणायचं."
ती जणू याचीच वाट बघत होती.

शनिवारी नऊला आम्ही आठजण.
सरोवरावरून येणारा वारा
कानशिलं सोलून काढत होता.
शेडच्या दारात दोन थर्मास,
आउनेचा वेलदोड्याचा पाव, फडक्याखाली अजून कोमट,
आणि खिळ्याला टांगलेली माझी वही.

तीस वर्षं थंडर बेच्या धक्क्यावर
गव्हाच्या वॅगनींची वजनं लिहिली मी.
आता माणसांचे तास लिहितो.
नाव. आल्याची वेळ, गेल्याची वेळ. काम:
मेपलची पानं ओढून खतखड्ड्यात.
गुलाबांना गोणपाट.
सूर्यफुलांचं बी चोळणं, चाळणं, पाकिटात भरणं.
होजपाईप रिकामे करून गुंडाळणं
(या ओळीपुढे कुणाचंच नाव नसतं,
बोटं बधिर होतात).

कॉर्बिन सतरा वर्षांचा.
कोर्टानं त्याला चाळीस तास लावलेत.
कशाबद्दल, याला माझ्या वहीत रकाना नाही.
त्याला ट्यूलिपचे दोनशे कंद दिले, एक खुरपं दिलं,
कुंपणाजवळचा लांब वाफा दाखवला.
त्यानं कानात काहीतरी घातलं आणि गुडघ्यांवर बसला.

इकडे माती सोडून वर येत होते
डेलियांचे कंद,
रताळ्यांचे घडच्या घड,
एकमेकांना घट्ट धरून.
मी पाट्या वाचायला घेतल्या.
मार्करनं लिहिलेलं सगळं उन्हानं खाल्लं होतं,
कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या नुसत्या.
ज्या पेन्सिलीनं लिहिल्या, त्याच तेवढ्या शाबूत.

आउनेला पाट्या लागतात कुठे.
ती हातमोजे काढते, कंद चाचपते:
"लांब मानेचा हा, मॅक्रेबाईंच्या अंगणातला पिवळा.
हा गाठाळ, चर्चमागचा जांभळा, हट्टी आहे.
आणि हा..."

हा फिरवला तिनं. पुन्हा फिरवला.
अंगठ्यानं माती पुसली, नाकाशी नेला.
मग माझ्या हातात ठेवला
जणू मला ठाऊक असणार होतं.

आम्ही दोघं काही बोललो नाही.
मी पट्टीवर लिहिलं, नाव नंतर,
आणि तो भुशाच्या खोक्यात ठेवला.
पुढच्या अर्ध्या तासात
तसे आणखी चार.

बाराच्या सुमाराला वाफ्याकडे गेलो.
कॉर्बिनची रांग दोरीनं आखल्यासारखी सरळ,
खोली मोजून सहा इंच,
आणि अजून न बुजवलेल्या खड्ड्यांत
एकूणएक कंद उलटा.
टोक खाली, बूड आभाळाकडे.

मी तोंड उघडणार, तोच
आउनेनं माझं कोपर धरलं.
"राहू दे. खाली काय, वर काय,
त्यांचं त्यांना कळतं.
वळसा घेऊन येतात. उशिरा येतात, पण येतात."
"सगळे?"
"छे. सगळे कसे येतील?"

साडेबाराला त्याचा चाळिसावा तास भरला.
कागद पुढे केला, मी सही केली.
पावाचे दोन तुकडे त्यानं खिशात टाकले,
वाफ्याकडे एकदा वळून बघितलं,
निरोपबिरोप न घेता
फाटकाची कडी मात्र नीट लावून गेला.

वहीत लिहिलं:
कॉर्बिन. नऊ ते साडेबारा. ट्यूलिप, दोनशे.
उलटे, असं लिहिलं नाही.

पेन्सिल कानावर खोचली
आणि होजपाईप गुंडाळायला गेलो.