आठवी ओळ

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या माडीवर,
जिथं कीबोर्डच्या फटीतनंही मोल्डिंगची काळी वाळू निघायची,
तिथं बाबालाल शिकलगारनं एका बैठकीत
सात ओळी लिहिल्या.
पहिली मोडेमला उठवणारी,
दुसरी नंबर फिरवणारी,
तिसरी म्हणजे, थांब.
उरलेल्या चार कशाला? मी विचारलं.
‘बाई, त्या भांडायला ठेवल्यात.’

रात्री साडेदहानंतर कॉल निम्म्या दरात,
आणि आमचे चौगुले शेठ
दर उतरल्याशिवाय शिंकसुद्धा न देणारे.
म्हणून मी भाकरी उरकून परत यायची
कोइमतूरच्या पार्टीची पंपाची ड्रॉइंग्ज उतरवायला.
खाली भट्टी निवत असायची,
वर मोडेम किंचाळायचं,
करपलेल्या पातेल्यात उलथनं घासावं तसं.

काळा पडदा, हिरवी अक्षरं.
अक्षरं इंग्रजी, बोलणं मात्र आमचं:
फिरवतोय.
समोरचं उचलंना.
थांबलो. परत फिरवतोय.
घुसलो.
आमच्या गावात बायकाही ‘मी आलो’ म्हणतात
(लिहिताना ‘आले’ लिहायचं, हे शाळेत मार खाऊन शिकलेलं),
त्यामुळं आत बाई बसलीय की बुवा
याचा मी कधी निकाल लावला नाही.

बाबालाल मस्कतला गेला.
टेलिफोनवाल्यांनी नंबर बदलला.
शेठ म्हणाले, पुण्याहून माणूस बोलवू,
आणि खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसले.
मी दार लावून घेतलं, फाइल उघडली,
दुसऱ्या ओळीतला एक आकडा खोडला, एक घातला.
दुसऱ्याच्या कापडाला पहिल्यांदा कात्री लावताना
हात कापावा, तसा कापत होता.
घुसलो, म्हणाली ती.

मग शेठचा पुतण्या अभिनंदन सीडी घेऊन आला.
दोन चिमुकले कॉम्प्युटर, मधे पळणारी पिवळी ठिणगी,
खाली एक बटण, गुबगुबीत, उशीसारखं.
खोटं कशाला सांगू, मलाही आवडलं.
पॅकिंगची पोरं जिना चढून बघून गेली.
दोन महिने छान चाललं.

आणि एका रात्री: एरर सहाशे ऐंशी.
म्हणजे काय?
‘रिट्राय दाबा, काकी.’
दाबलं. ठिणगी पळाली. सहाशे ऐंशी.
मोडेमची लाइन वेगळी,
दिवसा दर दुप्पट म्हणून तिला कुणी हात लावत नसे,
त्यामुळं कुणालाच पत्ता नाही.
तीन रात्री मी त्या उशीवर बोट आपटलं
आणि ड्रॉइंग्ज कोइमतूरलाच राहिली.

चौथ्या रात्री जुनी फाइल चालवली.
लाइन मेली, म्हणाली. खाली जाऊन बघा.

टॉर्च घेऊन उतरले.
भंगाराच्या ट्रकनं खांबावरची तार ओढून नेलेली,
टोक पिग आयर्नच्या ढिगावर लोंबत होतं.
दातानं सोललं, पीळ घातला,
वर येईपर्यंत जिभेवर तांब्याची चव.

ड्रॉइंग उतरायला पाऊण तास होता.
तेवढ्यात शेवटी एक ओळ माझी लिहिली. आठवी.
सगळं नीट आलं की ती म्हणायची:
आलं. घरी जा आता.
अभिनंदनला कधी दाखवली नाही.
त्याच्यासमोर बटण, तो गेला की ओळी,
असा एक संसार चार वर्षं चालला.

त्या मशीनचं पुढं काय झालं, माहीत नाही.
किलोवर गेलं असणार,
आमच्या अंगणातनं सगळं किलोवरच जातं.

आता नात फोन हातात देते.
पडद्यावर एक गोल फिरत राहतो,
फिरत राहतो,
मी त्याला हळूच म्हणते,
अरं, बोल की काहीतरी.