केशरी

पत्रू मिस्त्री नळी तोंडात धरायचा,
एक घोट ओढायचा, थुंकायचा,
मग लुनाची टाकी बाटलीत उतरायची.
कुरखेड्याच्या नाक्यावर तीस वर्षं हेच.

तेव्हा पेट्रोल केशरी होतं.
रंग कशापायी, कुणी विचारलं नाही.
पुढे पंपावर पाटी लागली: शिसेमुक्त.
"म्हंजे आंधी शिसं होतं?"
पंपवाला नोटा मोजत राहिला.

इंजिनानं ठोके देऊ नयेत म्हणून घालत.
इंजिन खरंच ठोके देत नसे.

आता पत्रूच्या बोटांतून कार्ब्युरेटरची सुई निसटते.
नातू खाली वाकून धुळीत शोधतो,
बोलत नाही काही.

परवा एक गाडी आली,
टाकीच्या तळाशी पाणी, रबरी नळी फुगलेली.
पत्रूनं झाकण उघडून हुंगलं
आणि दात नसलेलं हसला.
"हे त मोहाचं वाटते बाप्पा!
माह्या मायची हंडी फोडली दरोग्यानं
याच वासापायी.
आता सरकारच मिसळते.
वीस टक्के!"

नातवानं प्लास्टिकचा हातपंप आणून ठेवलाय.
पत्रू तरी नळीच मागतो.
थुंकतो,
आणि मातीवरचा ओला डाग
अजून वाकून बघतो,
रंगासाठी.